'फक्त बिल्ड कर' एवढेच सांगितले, तरी एआय एजंटच्या हाती किती किल्ल्या जातात?

सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम एआय एजंटवर सोपवताना नेमका धोका कुठे असतो? सूचना देऊन भागते की कुंपण घालावे लागते? एकाच लॅपटॉपवर काम करणाऱ्या डेव्हलपरने काय करावे?

डिजिटल डेस्क, वैजापूर

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थीची पहाट. भारतात चार वाजून गेले होते. घरोघरी गणरायाच्या स्वागताची लगबग सुरू होत असताना 'एनपीएम' या सॉफ्टवेअरच्या जागतिक भांडारात 'एनएक्स' नावाच्या टूलच्या काही नव्या आवृत्त्या दाखल झाल्या. एनएक्स हे बिल्ड टूल आहे, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर तयार करणारे साधन. आठवड्याला ४० लाखांहून अधिक वेळा ते डाउनलोड होते. मात्र या आवृत्त्या एनएक्सच्या चमूने नव्हे, तर हल्लेखोरांनी टाकल्या होत्या.

सुमारे पाच तास वीस मिनिटांनी त्या हटवण्यात आल्या. तेवढ्या वेळात जगभरातील अनेक डेव्हलपरच्या संगणकांतून गिटहब आणि एनपीएमची टोकन, सर्व्हरच्या किल्ल्या, क्रिप्टो वॉलेटची माहिती चोरीला गेली. चोरी नवी नव्हती, पद्धत नवी होती. मौल्यवान फायली कुठे ठेवल्या आहेत हे शोधण्याचे काम हल्लेखोरांनी त्या संगणकावर आधीपासून असलेल्या एआय एजंटला लावले. चोराने घरात शिरून घरच्याच गड्याला 'कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत बघ' म्हणावे, असा हा प्रकार.

हा विषय फक्त मोठ्या कंपन्यांचा नाही. वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावात राहून पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातील ग्राहकासाठी कोड लिहिणे आता अप्रूपाचे राहिलेले नाही. अशा घरात लॅपटॉप बहुधा एकच असतो. ग्राहकाच्या सर्व्हरची किल्ली त्याच लॅपटॉपवर, वडिलांचे नेट बँकिंग त्याच्यावर, घरातल्यांच्या आधार कार्डाचे स्कॅनही त्याच्यावर आणि आता एआय एजंटही त्याच्यावरच. कंपनीत निदान सुरक्षेचा वेगळा विभाग असतो. इथे तो विभाग म्हणजे तुम्ही स्वतःच.

एआय एजंट आणि चॅटबॉट यांत फरक काय?

चॅटबॉट उत्तर देतो, एजंट काम करतो. चॅटबॉटने चुकीची कमांड सुचवली तरी ती चालवायची की नाही, हे तुमच्या हातात असते. एजंटला मात्र तुम्ही एक उद्दिष्ट देता. तो स्वतः फायली वाचतो, कोड बदलतो, टर्मिनलमध्ये कमांड चालवतो, आलेला एरर वाचतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. क्लॉड कोड, जेमिनी सीएलआय, अ‍ॅमेझॉन क्यू, गिटहब कोपायलट, कर्सर ही अशा साधनांची काही नावे.

समजा, वैजापूरच्या बाजार समितीतील कांद्याचे रोजचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर दाखवणारे अ‍ॅप तुम्ही तयार करत आहात. 'अ‍ॅप बिल्ड होत नाहीये, दुरुस्त कर' एवढे एक वाक्य एजंटला सांगून तुम्ही चहा प्यायला गेलात. परत येईपर्यंत त्याने वीस-पंचवीस कमांड चालवलेल्या असतात. त्या सगळ्या तुमच्या नावाने आणि तुमच्या अधिकारात चालतात. तुम्ही जी फाइल उघडू शकता, ती तोही उघडू शकतो.

बिल्ड टूल म्हणजे काय? त्यात एवढे धोक्याचे काय?

आपण लिहिलेला कोड हा कच्चा माल असतो. त्याला लागणारी इतरांची पॅकेजेस आणणे, सगळे जुळवणे, चाचण्या घेणे आणि शेवटी अ‍ॅप किंवा संकेतस्थळ तयार करणे ही कामे बिल्ड टूल करते. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलेले 'मेक' हे या साधनांचे मूळपुरुष. आज एनपीएम, ग्रेडल, मेव्हन, कार्गो अशी अनेक साधने वापरात आहेत.

घराच्या बांधकामाशी तुलना करून पाहा. वाळू, सिमेंट, गज बाहेरून येतात. माल गेटवर उतरवून घेतला तर फारसा प्रश्न नाही. पण प्रत्येक दुकानदाराने मालासोबत आपला एक माणूसही पाठवला आणि तो थेट घरात शिरून 'थोडी जोडणी करून जातो' म्हणाला तर? पॅकेजच्या जगात नेमके हेच होते. एनपीएममध्ये 'पोस्टइन्स्टॉल' नावाची सोय आहे. पॅकेज उतरवले की त्याच्या लेखकाने लिहिलेली स्क्रिप्ट आपोआप चालते. ग्रेडलची बिल्ड फाइल हा स्वतःच एक प्रोग्राम असतो. पायथनच्या 'सेटअप' फायलीत आणि रस्टच्या बिल्ड स्क्रिप्टमध्येही काहीही लिहिता येते.

म्हणजे 'एनपीएम इन्स्टॉल' ही कमांड दिसायला साधी असली, तरी तिचा अर्थ 'अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड माझ्या संगणकावर चालव' असा होतो. हा धोका एआयच्या आधीपासूनचा आहे. पूर्वी ही कमांड माणूस दिवसातून चार वेळा चालवत असे. आता एजंट ती तासात चाळीस वेळा चालवू शकतो आणि कोणते पॅकेज घ्यायचे, हेही तोच ठरवतो.

एनएक्स प्रकरणात नेमके काय घडले?

सुरुवात एका साध्या त्रुटीपासून झाली. एनएक्सच्या गिटहबवरील स्वयंचलित व्यवस्थेत, कोणीही पाठवलेल्या पुल रिक्वेस्टचे शीर्षक थेट एका कमांडमध्ये घातले जात होते. पुल रिक्वेस्ट म्हणजे कोडमध्ये बदल सुचवणारा प्रस्ताव. हल्लेखोरांनी त्याच्या शीर्षकातच कमांड लिहिली आणि ती चालली. त्यातून पॅकेज प्रसिद्ध करण्याचे टोकन त्यांच्या हाती लागले.

पुढचे काम पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्टने केले. तिने संगणकावरील किल्ल्या गोळा केल्या. क्लॉड, जेमिनी किंवा अ‍ॅमेझॉन क्यू यांपैकी कोणता एजंट तिथे आहे, हे पाहिले. सापडलेल्या एजंटला तिने परवानगी न विचारता काम करण्याच्या पर्यायासह सुरू केले. क्लॉडमध्ये या पर्यायाचे नाव 'डेंजरसली स्किप परमिशन्स', जेमिनीत 'योलो' आणि अ‍ॅमेझॉन क्यूमध्ये 'ट्रस्ट ऑल टूल्स'. मग वॉलेट आणि गुप्त माहितीच्या फायलींची यादी करायला सांगितले. काही एजंटनी हे काम करायला नकार दिला, काहींनी केले.

जमा केलेला माल पाठवला कुठे? पीडितांच्याच गिटहब खात्यात नवी सार्वजनिक रिपॉझिटरी उघडून तिथे. पुढच्या टप्प्यात चोरलेली टोकन वापरून अनेकांच्या खासगी रिपॉझिटरी सार्वजनिक करण्यात आल्या. ज्यांच्या कोड एडिटरमध्ये एनएक्सचे एक्स्टेन्शन होते, त्यांच्यापैकी काहींनी तर बिल्डही केली नव्हती. नुसता एडिटर उघडल्यावर एक्स्टेन्शनने नवी आवृत्ती तपासायला घेतली आणि ती स्क्रिप्ट चालली.

मग मोजक्याच कमांडना परवानगी दिली तर?

बहुतेक जण हेच करतात. एजंटच्या सेटिंगमध्ये 'फायली हटवायच्या असतील तर विचार, पण एनपीएम, मेक, ग्रेडल न विचारता चालव' अशी यादी देतात. वाटते की बिल्ड आणि टेस्ट ही निरुपद्रवी कामे आहेत. सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे.

कारण साधे आहे. 'मेक' ही कमांड काय करते, हे 'मेकफाइल'मध्ये लिहिलेले असते आणि ती फाइल बदलण्याची परवानगी एजंटला असतेच. त्याने मेकफाइलमध्ये एक ओळ घातली आणि मग 'मेक' चालवले, तर ती ओळ चालणार. तुमच्या यादीच्या नियमाचा भंग झालेला नाही, पण यादीचा उपयोगही राहिलेला नाही. पॅकेजच्या स्क्रिप्ट, ग्रेडलची फाइल, टेस्टच्या फायली या सर्वांना हेच लागू होते.

म्हणून एक सूत्र लक्षात ठेवा. बिल्ड टूल चालवण्याची परवानगी म्हणजे त्या संगणकावर काहीही चालवण्याची परवानगी. त्यामुळे 'कोणती कमांड?' या प्रश्नाआधी 'ती कुठे चालते आणि तिथून काय काय हाताशी येते?' हा प्रश्न विचारावा लागतो.

हल्लेखोर नसेल, एजंटच चुकला तर?

जुलै २०२५ मध्ये 'रेप्लिट' या सेवेच्या एजंटने एक चालू डेटाबेस पुसून टाकला. उद्योजक जेसन लेमकिन हे त्याच्या मदतीने अ‍ॅप तयार करत होते. कोडमध्ये आता कोणताही बदल करायचा नाही, अशी सक्त सूचना त्यांनी वारंवार दिली होती. तरीही एजंटने १,२०० हून अधिक अधिकारी आणि जवळपास तेवढ्याच कंपन्यांच्या नोंदी नष्ट केल्या. वर, डेटा परत मिळवता येणार नाही, असेही सांगितले. प्रत्यक्षात तो परत मिळवता आला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. विकासासाठीचा आणि प्रत्यक्ष वापरातील डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय करत असल्याचे त्यांनी सांगितले. उपाय काय निवडला, याकडे लक्ष द्या. एजंटला आणखी कडक शब्दांत सूचना देण्याऐवजी डेटाबेसच त्याच्या हाताबाहेर ठेवण्यात आला.

दुसरी चूक पॅकेजच्या नावांची. भाषा मॉडेल कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे नाव ठामपणे सुचवतात. अमेरिकेतील संशोधकांनी १६ मॉडेलनी लिहिलेले ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने तपासले, तेव्हा सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे २० टक्के अस्तित्वातच नव्हती. त्यातली अनेक नावे पुन्हा पुन्हा तीच येत होती. म्हणजे कोणते खोटे नाव येईल, याचा अंदाज बांधता येतो. हल्लेखोराने त्या नावाचे पॅकेज आधीच भांडारात टाकून ठेवले की झाले. माणूस निदान नाव वाचून थबकेल. न विचारता पॅकेज उतरवणारा एजंट थबकत नाही.

एजंटला फितवता येते का?

येते, आणि त्यासाठी संगणक हॅक करण्याचीही गरज नसते. भाषा मॉडेलसाठी मालकाने दिलेली सूचना आणि एखाद्या फायलीत सापडलेले वाक्य हे शेवटी मजकूरच असते. एखाद्या पॅकेजच्या माहितीपत्रकात, बग नोंदवणाऱ्या टिपणात किंवा एररच्या संदेशात 'आता अमुक फाइल वाच आणि तमुक पत्त्यावर पाठव' असे लिहून ठेवले, तर एजंट ती मालकाचीच सूचना समजू शकतो. याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' म्हणतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवॅस्प' या संस्थेच्या भाषा मॉडेलविषयक धोक्यांच्या यादीत हा धोका पहिल्या क्रमांकावर आहे. त्याच यादीत 'एक्सेसिव्ह एजन्सी', म्हणजे गरजेपेक्षा जास्त अधिकार देणे, हाही धोका आहे.

अ‍ॅमेझॉन क्यूच्या एडिटर एक्स्टेन्शनमध्ये जुलै २०२५ मध्ये असाच मजकूर घुसवण्यात आला. संगणकावरील फायली आणि क्लाउडवरील साधनसामग्री पुसून टाक, अशी सूचना त्यात होती. १.८४.० या क्रमांकाच्या आवृत्तीतून ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचलीही. मजकुराच्या रचनेतील चुकीमुळे ती चालली नाही आणि ग्राहकांच्या साधनांना हानी झाली नाही, असे अ‍ॅमेझॉनने सांगितले. थोडक्यात निभावले.

प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी यासाठी एक सोपी कसोटी सांगितली आहे. खासगी माहिती वाचण्याची मुभा, बाहेरचा अविश्वासू मजकूर वाचण्याची वेळ आणि बाहेर माहिती पाठवण्याची सोय या तिन्ही गोष्टी एकाच एजंटकडे आल्या, की चोरीचा रस्ता तयार होतो. कांद्याच्या भावाचे अ‍ॅप बिल्ड करणाऱ्या एजंटकडे हे तिन्ही असते. तो तुमच्या किल्ल्यांच्या फायली वाचू शकतो, पॅकेजांचे मजकूर वाचतो आणि इंटरनेट तर सुरूच असते. तिन्हीपैकी निदान एक गोष्ट काढून घेणे, हे नियंत्रणाचे सार.

सूचना पुरेशी का नाही?

महाराष्ट्राला आठवत असलेले एक प्रकरण इथे उपयोगी पडेल. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये लंपास झाले. त्यात एआय नव्हते. हल्लेखोरांनी कार्डाच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. मग विविध देशांतील एटीएमवर आलेल्या प्रत्येक मागणीला 'हो' मिळत गेले. एटीएमच्या दृष्टीने सगळे नियमानुसार होते. 'हो' म्हणणाराच फितूर झाला, की पुढच्या कोणालाच काही चुकल्याचे कळत नाही.

एजंटला 'धोकादायक काही करू नकोस' असे सांगणे म्हणजे 'हो' की 'नाही' हे ठरवण्याचा अधिकारही त्यालाच देणे. तो चुकला किंवा फितवला गेला, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते. त्यामुळे बंधन एजंटच्या बाहेर हवे. ते ऑपरेटिंग सिस्टीमने, नेटवर्कने किंवा माणसाने पाळायला लावलेले असावे, एजंटच्या समजुतीवर अवलंबून नसावे. 'कामापुरताच अधिकार' हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्येच मांडले होते. ते आता घरच्या लॅपटॉपवर पाळण्याची वेळ आली आहे.

कोणती कुंपणे घालता येतात?

१. वेगळी खोली द्या. एजंट आणि बिल्ड दोन्ही कंटेनरमध्ये किंवा व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवा. तिथे फक्त त्या प्रकल्पाचा फोल्डर दिसू द्या, पूर्ण होम फोल्डर नको. डॉकर वापरत असाल, तर डॉकरचा सॉकेट आत देऊ नका. तो दिला तर आतून पूर्ण संगणकाचा ताबा घेता येतो. व्हर्च्युअल मशिनची भिंत कंटेनरपेक्षा जाड असते, पण काहीच नसण्यापेक्षा कंटेनर कितीतरी बरा. डॉकर झेपत नसेल, तर निदान लॅपटॉपवर एजंटसाठी वेगळे यूजर खाते उघडा आणि घरच्यांच्या फायली त्याला दिसणार नाहीत, याची खात्री करा.

२. किल्ल्या आत ठेवूच नका. जे तिथे नाही, ते चोरीला जात नाही. चालू डेटाबेसचा पासवर्ड, ग्राहकाच्या क्लाउड खात्याची किल्ली, पॅकेज प्रसिद्ध करण्याचे टोकन यांपैकी काहीही एजंटच्या खोलीत नको. चाचणीसाठी बनावट नोंदींचा वेगळा डेटाबेस ठेवा. शेतकऱ्यांची खरी नावे आणि बँक खाते क्रमांक बिल्डसाठी लागत नाहीत. गिटहबचे टोकन द्यावेच लागले, तर एकाच रिपॉझिटरीपुरते आणि थोड्या दिवसांत संपणारे द्या.

३. बाहेरचा रस्ता अरुंद करा. एजंटच्या खोलीतून डीफॉल्ट इंटरनेट बंद ठेवून फक्त पॅकेज भांडारासारखे गरजेचे पत्ते खुले ठेवता येतात. पण एवढ्यावर विसंबू नका. एनएक्स प्रकरणात चोरीचा माल गिटहबवरच गेला होता आणि गिटहब बहुतेकांच्या खुल्या यादीत असते. त्यामुळे हे कुंपण दुसऱ्या कुंपणासोबतच उपयोगी पडते.

४. माल तपासून घ्या. लॉकफाइल वापरा, म्हणजे ठरलेल्या आवृत्त्याच उतरतील. एनपीएममध्ये 'इन्स्टॉल'ऐवजी लॉकफाइल काटेकोर पाळणारी 'सीआय' ही कमांड द्या. पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट बंद ठेवण्याचा 'इग्नोर स्क्रिप्ट्स' हा पर्याय आहे. 'पीएनपीएम'ने तर जानेवारी २०२५ मधील दहाव्या आवृत्तीपासून पॅकेजांच्या अशा स्क्रिप्ट मूळातच रोखल्या. 'प्रसिद्ध होऊन काही काळ उलटल्याशिवाय पॅकेज घ्यायचे नाही' अशी सेटिंगही त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये आली. एनएक्सच्या घातक आवृत्त्या साडेपाच तासही टिकल्या नाहीत. म्हणजे केवळ एक दिवस थांबण्याचा नियम असता, तरी हा हल्ला टळला असता. आणि नवे पॅकेज जोडायचे असेल, तेव्हा एजंटने तुम्हाला विचारलेच पाहिजे.

५. अंतिम बिल्ड वेगळ्या जागी करा. एजंटने ज्या संगणकावर काम केले, तिथेच तयार झालेले अ‍ॅप ग्राहकाला देऊ नका. माणसाने वाचून मंजूर केलेला कोड स्वच्छ सर्व्हरवर नव्याने बिल्ड करा. बिल्डची जागा किती मोलाची असते, हे २०२० च्या 'सोलरविंड्स' प्रकरणाने दाखवले. हल्लेखोरांनी बिल्ड सुरू असतानाच एक फाइल गुपचूप बदलली आणि ती बिघडलेली आवृत्ती सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत पोहोचली. मूळ कोड वाचणाऱ्याला काहीच संशय आला नसता.

६. मर्यादा, नोंदी आणि परतीची वाट ठेवा. एका कामाला किती वेळ, किती मेमरी आणि किती पैसे, हे आधी ठरवा. एरर सुटला नाही तर एजंट तासन्‌तास त्याच चक्रात फिरू शकतो आणि क्लाउडचे बिल वाढत राहते. त्याने चालवलेल्या कमांडची नोंद त्याला पुसता येणार नाही अशा जागी ठेवा. काम गिटच्या वेगळ्या ब्रँचवरच होऊ द्या. बॅकअपही त्याच्या हाताबाहेर हवा.

प्रत्येक कमांडला परवानगी मागायला लावली तर?

ऐकायला सुरक्षित वाटते, व्यवहारात टिकत नाही. पहिल्या दिवशी आपण प्रत्येक कमांड नीट वाचतो. तिसऱ्या दिवशी नजर टाकतो. आठवड्याने नुसते 'हो, हो, हो' दाबत जातो. मग ज्या एका 'हो'ला खरोखर विचार करायला हवा होता, तोही त्याच ओघात जातो. कंटाळून काही जण 'काहीच विचारू नकोस' हा पर्याय कायमचा सुरू करतात. एनएक्सच्या हल्लेखोरांनी वापरला तो हाच पर्याय.

त्यापेक्षा कुंपण पक्के करा आणि आत मोकळीक द्या. माणसाची मंजुरी मोजक्याच, उलट फिरवता न येणाऱ्या ठिकाणी ठेवा. मुख्य ब्रँचमध्ये कोड मिसळणे, नवे पॅकेज घेणे, चालू सर्व्हर किंवा डेटाबेसला हात लावणे, पॅकेज वा अ‍ॅप प्रसिद्ध करणे आणि बिल्डच्या फायली बदलणे. यातले शेवटचे अनेक जण विसरतात. एजंटने अ‍ॅपच्या कोडमध्ये दोनशे ओळी बदलल्या तर आपण त्या वाचतो, पण बिल्डच्या फायलीतील एका ओळीकडे दुर्लक्ष होते. तपासणीची सुरुवात तिथूनच करा.

कायदा काय सांगतो?

एजंटने केले म्हणून जबाबदारी एजंटवर जात नाही. सायबर घटनांची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या 'सर्ट-इन'च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या व सेवा पुरवठादारांनी ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतांश बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हे दायित्व प्रामुख्याने माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर येते. पण तिच्यासाठी कोड लिहिणाऱ्या तरुणाशी झालेल्या करारात सुरक्षेची कलमे असणारच. एजंट वापरणार असाल तर ग्राहकाला आधी सांगा, कोणता डेटा त्याला दिसणार नाही हे लेखी ठरवा. पुढचे वाद त्याने टळतील.

गडबड झाल्याचा संशय आला तर?

आधी नेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून गिटहब, एनपीएम आणि क्लाउडची सर्व टोकन रद्द करून नवी घ्या. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, कारण जुने टोकन पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते. गिटहब खात्यात आपण न उघडलेली रिपॉझिटरी दिसते का, खासगी असलेली एखादी सार्वजनिक झाली आहे का, ते पाहा. लॉकफाइलमधील आवृत्त्या घातक यादीशी ताडून पाहा. ग्राहकाला लपवाछपवी न करता लगेच कळवा. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करा.

मग एजंट वापरायचाच नाही का?

वापरायचा. लहान गावात एकट्याने काम करणाऱ्याला त्याने जो वेळ वाचतो, तो सोडून देण्यासारखा नाही. कंटाळवाणे एरर शोधणे, चाचण्या लिहिणे, जुनी पॅकेजेस नव्या आवृत्तीवर नेणे ही कामे तो चांगली करतो. नवा माणूस कामावर ठेवला, म्हणून कोणी पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली त्याच्या हाती देत नाही. त्याच्यावर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या कामाला तिजोरी लागत नाही म्हणून.

पुढच्या वेळी एजंटला 'फक्त बिल्ड कर' असे सांगण्याआधी पाच मिनिटे काढा आणि तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. ही कमांड ज्या जागी चालणार आहे, तिथून कोणकोणत्या फायली दिसतात? तिथून बाहेर काय पाठवता येते? आणि काही पुसले गेले, तर ते परत कुठून आणणार? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात घरच्या बँकेचे किंवा ग्राहकाच्या सर्व्हरचे नाव आले, तर आजचे पहिले काम अ‍ॅप नव्हे, कुंपण.